सोलं, ऑक्सिमीटर आणि शंभर पानी वही

परवा कपाट आवरताना ती वही सापडली. निळ्या कव्हरची, शंभर पानी, मुलीच्या शाळेसाठी आणलेली, आणि २०२१ च्या मे महिन्यात मी बाबांच्या ऑक्सिजनसाठी वापरायला घेतलेली. उघडली तर १४ मेच्या रात्रीचं पान समोर आलं. १.१० ला ९३, १.१२ ला ९५, १.१५ ला ९२, १.१६ ला ९४, १.१८ ला ९३, असं खालपर्यंत. एका तासात एकवीस नोंदी. माझंच अक्षर, पण शेवटच्या ओळी मलाही नीट वाचता येईनात. वही तशीच घेऊन पडवीत बसलो आणि वाटलं आता हे लिहून काढूया, इतकी वर्षं नुसतं डोक्यात फिरतंय.

मी गोव्यात कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायला, आहे. आमची कंपनी लॉकडाउनमध्येही बंद नव्हती, औषधं लागतातच, त्यामुळे खिशात पास घालून रिकाम्या रस्त्यावरून मी ड्युटीला जायचो. २०२० आठवतं का नीट? २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला, तो आपल्याकडे तसाच पुढे वाढला, आणि पाडव्याच्या दिवशी, २५ तारखेला, रात्री बातमी आली की गोव्यात कोरोनाचे पहिले तीन पॉझिटिव्ह सापडले. सुरुवातीचे काही दिवस तर वाण्याचं दुकानसुद्धा बंद, पाववाल्या पोदेराचा हॉर्न नाही, मासे विकणारी नुस्तेंवाली नाही, घरात असतील त्या सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर आणि पेज यावर आम्ही काढले. पण खरं सांगतो, तेव्हा मी घाबरलो नव्हतो. एप्रिलमध्ये तर सातही पेशंट बरे झाले आणि गोव्यात एकही केस उरली नाही, तेव्हा वाटलं सुटलो आपण. त्यामुळे पुढच्या वर्षी मे महिन्यात जे आलं त्याला मन अजिबात तयार नव्हतं.

मे २०२१ मध्ये गोव्यात टेस्ट केलेल्या दोन माणसांतला जवळपास एक पॉझिटिव्ह निघत होता. नुसता आकडा म्हणून वाचलात तर कळणार नाही. म्हणजे आमच्या वाड्यावर अकरा घरं, त्यातल्या सहा घरांत कोणीतरी खोलीत बंद. आणि त्याच दिवसांत हॉस्पिटलात रात्री ऑक्सिजन कमी पडून माणसं जातायत ही बातमी, पहाटे दोन ते सहा ही वेळ अख्ख्या गोव्याला पाठ झालेली, प्रकरण हायकोर्टात गेलेलं. बाबांचा रिपोर्ट ६ मेला आला. वय अडुसष्ट, डायबेटिस, लसीचा एकच डोस झालेला. डॉक्टर फोनवर म्हणाले घरीच ठेवा, मागच्या खोलीत ठेवा, दिवसातून चार वेळा ऑक्सिजन बघा, पालथं झोपवा, आणि ९४ च्या खाली राहिला तर लगेच कळवा. बायको आणि मुलगी तेव्हा नेमक्या तिच्या माहेरी म्हापशाला होत्या, त्यांना म्हटलं तिथेच थांबा. घरात मी, आई आणि मागच्या खोलीत बाबा.

चार वेळा बघा म्हणाले होते. मी चाळीस वेळा बघायला लागलो.

आमच्या क्यूसीत नवीन मुलगा आला की पहिल्याच आठवड्यात त्याला एक गोष्ट बजावून सांगतो. रिझल्ट लिमिटच्या बाहेर आला तर आधी कारण शोधायचं, मनासारखा आकडा येईपर्यंत तीच टेस्ट परत परत करायची नाही. औषधाच्या धंद्यात हा मोठा गुन्हा धरतात, कारण अशी केलेली टेस्ट औषधाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त टेस्ट करणाऱ्याची घबराट तेवढी शांत करते. हे मी पंधरा वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलो आणि त्या रात्री बाबांच्या बोटावर अगदी तेच करत होतो. ९३ आला की दुसरं बोट. मग हात चोळून गरम करून परत. ९५ आला की हुश्श. ते हुश्श दोन मिनिटं टिकायचं, मग वाटायचं मघाचा ९२ खरा असेल तर? परत लावा. बाबांना धड झोपू दिलं नाही मी. शेवटी त्यांनी हात मागे ओढून घेतला आणि म्हणाले, "तें यंत्र कुशीक दवर आनी मातसो हांगा बस."

ते बाजूला ठेव आणि जरा इथे बस, एवढंच मागत होते ते. आणि मला बसता येत नव्हतं. मास्क होता, खिडकी उघडी होती, दारातल्या खुर्चीवर पाच मिनिटं बसायला काहीच हरकत नव्हती, पण नुसतं बसलो की छातीत धडधड व्हायची, मग उठून मोबाईल बघायचो, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला बेड मिळाला, कुठे सिलिंडर मिळतो, कुठला काढा. बाबांची काळजी करण्यात मी इतका गुंतलो होतो की बाबांजवळ मी नव्हतोच.

आता आईचं सांगतो. मे महिना म्हणजे आमच्याकडे पुरुमेंताचे दिवस, पावसाळ्याची सगळी बेगमी याच महिन्यात करायची. परसात भिरंडांची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं आहेत आणि ती त्या वर्षी लाल भडक होऊन लगडलेली. बाबा आजारी, बाहेर कर्फ्यू, आणि आई रोज सकाळी परडी घेऊन भिरंडं गोळा करते, फोडून बिया वेगळ्या काढते, सालींना मीठ आणि त्यांचाच रस लावून अंगणात सोलं वाळत घालते, संध्याकाळी गोळा करून परत रस लावून ठेवते, दुसऱ्या दिवशी परत उन्हात. पाच-सहा दिवस असं चालतं तेव्हा सोलं काळीभोर होतात. मला तिचा राग यायचा. म्हणजे घरात हे चाललंय आणि हिला सोलं सुचतात.

मग त्याच आठवड्यात वास्कोचा मामा गेला, तिचा धाकटा भाऊ. हॉस्पिटलात, पहाटे. नेमकं काय झालं ते आम्हाला आजपर्यंत नीट कळलेलं नाही आणि तो विषय निघाला की अजून घसा दाटतो. आम्हाला शेवटचं दर्शनही नाही. फोन आला तेव्हा आई अंगणात भिरंडं फोडत बसलेली. ती ओरडून रडली, हात कोपरापर्यंत लाल, आणि रडत रडतच पुढची भिरंडं फोडत राहिली. मी धावत गेलो आणि काय म्हणालो माहितेय? म्हणालो, आई रडू नको, बाबांना ऐकू जाईल, त्यांचं टेन्शन वाढेल, आता आपण स्ट्राँग राहायला हवं. ती वर न बघता म्हणाली, "रडूं दी रे म्हाका. हात चलतात न्हय?"

हात चालतायत ना. त्या दिवशी मला ते कठोर वाटलं, समजलं काहीच नाही.

१६ मेचा रविवार म्हणजे तौक्ते चक्रीवादळ. सकाळपासून वारा असा की कौलं उडतायत, वरच्या वाड्यातला फणस तारांवर पडला, वीज गेली ती आमच्याकडे तीन दिवस आली नाही. आईने पहिली हाक मारली ती सोलांसाठी. मी आणि ती पावसात धावलो, सुपं, चादरी, मिळेल त्यात भरून आत आणलं, बाबा मागच्या खिडकीतून "तें व्हडलें सूप उरलें" म्हणून ओरडतायत, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. दम न लागता ओरडत होते ते. ऑक्सिमीटरपेक्षा तो आवाज मला जास्त सांगून गेला.

संध्याकाळपर्यंत मोबाईल मेला. ऑक्सिमीटरचे सेल अर्धे संपलेले, दुकानं बंद. मग काय, डॉक्टरांनी सांगितलेलं तसं चारच वेळा बघायचं ठरलं, दुसरा इलाजच नव्हता. पहिली रात्र भयंकर गेली. काहीच कळत नाही, बातमी नाही, बेडची लिस्ट नाही, आकडा नाही, फक्त वारा. आईने चूल पेटवली आणि सोलांची सुपं चुलीभोवती मांडली, ती सुकावीत म्हणून. मला म्हणाली उलटी कर. मी उलटी करत बसलो, मग मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकली. बाबांनी त्यांच्या लहानपणीच्या खाणीवरच्या गोष्टी सांगितल्या, डिचोलीकडचे ट्रक, लाल धूळ. मला भीती वाटत होतीच. ती कुठे गेली नाही. पण ती होती आणि मीही तिथे होतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बाबा बरे झाले. पंचवीस तारखेपर्यंत घरात हिंडायला लागले.

मी मात्र बरा झालो नाही. केसेस कमी झाल्या तरी रात्री फोन वाजला की हातपाय गार पडायचे, गाडीचं लॉक, गॅसचा नॉब, कंपनीतले रिपोर्ट, सगळं परत परत तपासायचो. शेवटी दिवाळीनंतर पर्वरीला एका समुपदेशक बाईंकडे गेलो. हे लिहायला आजही थोडा संकोच वाटतोय कारण आपल्याकडे लगेच लोक वेगळ्या नजरेने बघतात, पण लिहितोच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ती भीती त्या रात्री अजिबात नसती तर तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, बाबांजवळ बसलो असतो. त्या म्हणाल्या, मग वादळाच्या रात्री ती असताना बसलात ना?

त्यांच्याकडून पहिल्यांदा 'मानसिक लवचिकता' हा शब्द ऐकला. मला वाटलं लवचिकता म्हणजे सगळं हसत हसत झेलणं असेल, तर तसं नाही. स्टीव्हन हेज नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांना स्वतःलाच पॅनिक अ‍ॅटॅक यायचे, त्यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांबरोबर एक उपचारपद्धत उभी केली, स्वीकार आणि बांधिलकीची थेरपी म्हणूया, इंग्रजीत तिला अ‍ॅक्ट म्हणतात. तिचा गाभा मला जसा कळला तसा सांगतो. मनात जे येतं, भीती, दुःख, घाणेरडे विचार, ते हाकलायला गेलं की आपली सगळी ताकद त्यातच जाते आणि जगायचं राहून जातं. त्यापेक्षा त्याला जागा द्यायची, आत्ता समोर काय आहे ते बघायचं, आणि आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं त्या दिशेने हात चालू ठेवायचे. भीती कमी व्हायची वाट न बघता.

हाकलायला गेलं की काय होतं याचा एक जुना प्रयोग आहे, डॅनियल वेग्नर यांचा, १९८७ चा. लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायची परवानगी दिल्यावर त्यांना तो आधीपासून मोकळीक असलेल्या लोकांपेक्षाही जास्त आला. माझं पांढरं अस्वल म्हणजे पहाटेचे चार. 'पॉझिटिव्ह रहा, निगेटिव्ह विचार आणूच नका' असे मेसेज त्या दिवसांत किती आले आपल्याला, पाठवणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, पण मला ते वाचून अजून एक ओझं व्हायचं की भीती तर वाटतेच आहे आणि वर ती वाटू नये ही जबाबदारीही माझीच.

बाईंनी एक साधा प्रकार करायला लावला. एखादा शब्द अर्धा मिनिट भरभर मोठ्याने म्हणत राहायचं. ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, टिचनर म्हणून मानसशास्त्रज्ञ होते त्यांची, त्यांचा शब्द होता दूध. मी 'त्र्याण्णव' घेतला. त्र्याण्णव त्र्याण्णव त्र्याण्णव. पहिल्या दहा वेळा घाम फुटला, मग हळूहळू नुसता आवाज उरला, जिभेचं टाळूवर आपटणं. आकडा तोच, पण त्याने गळा धरलेला सुटला. दुसरं म्हणजे 'बाबा जाणार' असं मनात आलं की त्याच्या आधी 'माझ्या मनात विचार येतोय की' एवढं जोडायचं. ऐकायला काहीच नाही, करून बघा. मला अजून उपयोगी पडतं.

नंतर मी वाचत गेलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या एप्रिलमध्ये, म्हणजे आपण घरात बंद होतो तेव्हाच, तणावासाठी चित्रांचं एक पुस्तक फुकट काढलं होतं, ते याच पद्धतीवर आहे. आधी याच पद्धतीचे ऑडिओ धडे युगांडात, दक्षिण सुदानमधून पळून आलेल्या निर्वासित बायकांच्या गटांत वापरून बघितले होते आणि त्यांचा मानसिक त्रास कमी झालेला दिसला. सगळं गमावलेल्या बायका. यूकेत २०२० मध्ये ५५५ जणांची पाहणी झाली, त्यात ज्यांच्यात ही लवचिकता जास्त त्यांचं मन बरं आणि जे टाळाटाळीवर दिवस काढत होते त्यांची चिंता-नैराश्य जास्त, असा संबंध दिसला. एकदाच विचारलेल्या प्रश्नांवरून कारण काय आणि परिणाम काय हे ठरत नाही, क्यूसीवाला म्हणून एवढं सांगायलाच हवं, पण मला ते वाचून आमचं अंगण आठवलं.

आणि हे सगळं काही बाहेरूनच शिकायला हवं असंही नाही. आपल्या गोव्यातच संगथ ही संस्था १९९६ पासून आहे, त्यांनी डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकलेल्या माणसांना ट्रेनिंग देऊन सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या पेशंटशी बोलायला बसवलं, आणि २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की त्याचा खरंच फरक पडतो. त्यांच्या पद्धतीचा भर कशावर? माणसाने परत काहीतरी करायला लागावं, त्याला अर्थ वाटेल असं, यावर. मन ठीक झालं की करू, असं थांबायचं नाही. आईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, मग ह्यात नवें किदें?

एक गोष्ट मात्र मला ठासून सांगायची आहे. स्वीकार म्हणजे 'चलता है' नव्हे. ऑक्सिजन नाही हे स्वीकारायचं नसतंच, त्यासाठी भांडायचं असतं, कोर्टात जायचं असतं, आणि त्या मे महिन्यात लोक गेले, रात्री स्वतःच्या गाडीतून सिलिंडर पोचवणारी पोरंही आपल्याच गावांतली होती. त्यांना भीती वाटत नसेल का? राग नसेल? स्वीकारायचं ते मनातल्या भीतीला आणि दुःखाला. हॉस्पिटलातल्या रिकाम्या सिलिंडरवर लवचिकतेचा उपाय कोणी सांगायला लागला तर त्याला उठवून बाहेर काढा. आणि हेही, की खूप दिवस झोप नाही, जेवण नाही, जगू नये असं वाटतंय, तर वही-बिही करत बसू नका, डॉक्टरकडे जा, बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, आणि टेली मानस या सरकारी मानसिक मदतीच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, कधीही लावा.

सोलांचं राहिलं. चुलीजवळ सुकवल्यामुळे त्या वर्षीच्या सोलांना धुराचा वास बसला. आई म्हणाली टाकायची नाहीत. जूनच्या शेवटी येणं-जाणं थोडं मोकळं झाल्यावर आम्ही एक बरणी घेऊन वास्कोला मामीकडे गेलो. मामाचा फोटो हॉलमध्ये लावलेला. मामीने बरणी उघडली, वास घेतला आणि म्हणाली, "हांकां धुंवराचो वास येता रे," आणि बरणी मांडीवर धरून रडायला लागली, मग आईही. माझ्या तोंडात आलं होतं, मामी रडू नको. मी उठलो, आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि परत येऊन दोघींजवळ बसलो. बाहेर पाऊस लागला होता. चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा मामीनेच उठून गॅस बंद केला आणि विचारलं, नुस्तें आणलंय, हुमण करूं? यांतलीच चार सोलां घालतें.